चाकाला धक्का बसल्यानंतरची मोटारीची थरथर

खड्डा, पदपथाची कड, रस्ता-दुभाजक किंवा रस्त्यात पडलेला दगड यांवर चाक जोरात आदळल्यानंतर मोटारीत जाणवू लागणाऱ्या नियमित कंपनांना सामान्यतः 'गाडीची थरथर' किंवा 'व्हॉबलिंग' असे म्हणतात. ही थरथर स्टिअरिंग, आसन, तळ किंवा ब्रेकचे पेडल यांपैकी एका किंवा अनेक ठिकाणी जाणवते. टायरच्या आतील धागे तुटणे, रिम वाकणे, संतुलनासाठी लावलेले वजन निसटणे, हब किंवा बेअरिंग यांना इजा होणे आणि सस्पेन्शनचे भाग वाकणे किंवा सैल होणे ही तिची प्रमुख कारणे होत. यांपैकी काही कारणे केवळ गैरसोयीची असतात, तर काहींमुळे वेगात असताना टायर फुटू शकतो किंवा चाकावरील नियंत्रण सुटू शकते. त्यामुळे थरथर थांबवण्याआधी ती कोठून येते हे निश्चित करणे महत्त्वाचे ठरते. केवळ व्हील बॅलन्सिंग करून थरथर कमी झाली, म्हणजे चाक सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही.

चाकाची रचना

मोटारीचे चाक टायर आणि रिम मिळून बनते व ते नटांच्या किंवा बोल्टांच्या साहाय्याने हबवर बसवलेले असते. हब बेअरिंगवर फिरतो आणि बेअरिंग ज्या भागात बसते तो भाग सस्पेन्शन व स्टिअरिंग यांच्या दांड्यांना जोडलेला असतो. म्हणजेच रस्त्याचा धक्का टायरपासून सुरू होऊन या साखळीतील प्रत्येक दुव्यातून पुढे जातो.

मोटारींमध्ये आज प्रामुख्याने रेडियल टायर वापरले जातात. मिशलँ या फ्रेंच कंपनीने या रचनेचे पेटंट १९४६ मध्ये घेतले. रेडियल टायरमध्ये पॉलिस्टर किंवा रेयॉनसारख्या तंतूंचे धागे एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत आडवे गेलेले असतात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. पट्ट्यांमुळे टायरचा माथा भक्कम होतो. बाजूची भिंत मात्र पातळ व लवचीक राहते. तिच्यातील हवेचा दाब पेलण्याचे काम धागेच करतात. रबर केवळ त्यांना झाकते आणि हवा रोखते. आघातात बाजूची भिंत सर्वांत लवकर निकामी होते, याचे कारण हेच आहे.

कंपनाचे कारण

फिरणाऱ्या चाकातून कंप निर्माण होण्याचे तीन मूलभूत प्रकार आहेत.

असंतुलन : चाकाचे वजन परिघावर सारखे वाटलेले नसेल, तर जड बाजू प्रत्येक फेऱ्यात चाकाला बाहेरच्या दिशेने ओढते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, १५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचे असंतुलन असल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ११ न्यूटन, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ४६ न्यूटन इतके बल निर्माण होते. वेग दुप्पट झाल्यावर बल चौपट होते.

रनआउट : चाक पूर्ण गोल नसणे किंवा सरळ न फिरणे. चाक वर-खाली होत असेल तर त्यास त्रिज्यीय रनआउट आणि डावी-उजवीकडे डुलत असेल तर पार्श्वीय रनआउट म्हणतात. वाकलेली रिम हे याचे नेहमीचे कारण आहे.

ताठपणातील फरक : टायर दिसायला गोल असला, तरी त्याचा एखादा भाग इतरांपेक्षा मऊ किंवा कडक असू शकतो. गाडीचा भार आल्यावर तो भाग वेगळ्या प्रमाणात दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात एक धक्का देतो. आतील धागे तुटल्यास किंवा पट्टे सुटल्यास असा फरक निर्माण होतो.

तिन्ही प्रकारांत कंपाची वारंवारता चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. असे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ८.५ फेरे, ८० ला ११.४ फेरे आणि १०० ला १४.२ फेरे घेते. दुसरीकडे, टायरचा लवचीकपणा आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये चाकाची जी नैसर्गिक कंपवारंवारता असते ती बहुतेक मोटारींत साधारण १० ते १५ हर्ट्झ असते. या दोन वारंवारता जुळल्या की अनुस्पंदन होऊन लहानसा दोषही ठळक होतो. त्यामुळेच असंतुलनाची थरथर शहरातील संथ वाहतुकीत लपून राहते, ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात उफाळते आणि कधीकधी त्याहून अधिक वेगाला पुन्हा कमी होते. शहरात खड्ड्यात आदळलेल्या चाकाचा दोष प्रथम महामार्गावर कळतो, तोही अपघाताची तीव्रता सर्वाधिक असलेल्या वेगात, हे या बिघाडाचे व्यावहारिक वैशिष्ट्य आहे.

आघातामुळे होणारी हानी

टायर

चाक कडेवर आदळते तेव्हा टायरची भिंत रिमची कड आणि अडथळा यांच्यामध्ये चिमटली जाते. या चिमट्यात आतील धागे तुटतात. बाहेरील रबर शाबूत राहिले, तरी त्या ठिकाणी हवेचा दाब पेलणारे काही उरत नाही आणि भिंतीवर फुगा येतो. तो लगेच दिसेलच असे नाही; काही दिवसांच्या वापरानंतर तो वर येऊ शकतो. अनेकदा तो आतल्या बाजूच्या, म्हणजे गाडीखालून पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या भिंतीवर असतो. टायरमध्ये हवा कमी असल्यास आणि भिंतीची उंची कमी असल्यास चिमटण्याची शक्यता वाढते. १८५/६५ आर १५ टायरच्या भिंतीची उंची सुमारे १२० मिलिमीटर असते; जवळपास तेवढ्याच व्यासाच्या २१५/४५ आर १७ टायरमध्ये ती सुमारे ९७ मिलिमीटरच उरते.

भिंतीवर आढळणारी उथळ, उभी खळगी मात्र बहुधा दोष नसते. टायर बनवताना धाग्यांचे थर जेथे एकमेकांवर चढवून जोडतात, तेथे भिंत किंचित कमी फुगते. खळगी आणि फुगा यांतील हा फरक तपासणीत महत्त्वाचा आहे.

माथ्याखालील पोलादी पट्टे सुटल्यास टायरचा माथाच एका जागी उंचावतो. अशा वेळी थरथर किंवा ठकठक ताशी ३० ते ५० किलोमीटर इतक्या कमी वेगालाही जाणवते आणि दिवसागणिक वाढत जाते.

रिम

पोलादी रिम सहसा वाकते. अलॉय रिम वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. हानी बहुधा आतल्या कडेला होते, कारण ती बाजू आऱ्यांपासून दूर व आधारहीन असते. वाकलेल्या किंवा तडकलेल्या रिमवर ट्यूबलेस टायरचा बीड नीट बसत नाही. त्यामुळे पंक्चर नसतानाही दर काही दिवसांनी हवा कमी होते.

हब आणि बेअरिंग

जोरदार आघातात बेअरिंगच्या गोळ्या आपल्या धावपट्टीवर सूक्ष्म खड्डे पाडतात. याचा परिणाम प्रथम थरथरीऐवजी वेगाबरोबर वाढणाऱ्या घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने दिसतो. वळणावर भार बाहेरील चाकांवर जातो. म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढत असेल, तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयास्पद ठरते.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

लोअर आर्म, टाय रॉड, स्ट्रट किंवा बॉल जॉइंट हे भाग वाकल्यास गाडी एका बाजूला ओढते किंवा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते. वाकलेला भाग स्वतः फिरत नसल्याने तो सहसा थेट थरथर निर्माण करत नाही. मात्र सैल झालेला सांधा चाकातील लहान कंप दाबण्याऐवजी मोठा करतो.

लक्षणांवरून निदान

थरथर कोणत्या परिस्थितीत येते व जाते, यावरून कारणांची यादी बरीच लहान करता येते.

• ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते : पुढील चाकातील असंतुलन किंवा वाकलेली रिम.
• आसन किंवा तळ थरथरतो, स्टिअरिंग स्थिर राहते : बहुधा मागील चाक.
• कमी वेगालाही लयबद्ध उसळी जाणवते : टायरचे सुटलेले पट्टे, मोठा फुगा किंवा बरीच वाकलेली रिम.
• केवळ ब्रेक लावल्यावर थरथर : ब्रेक डिस्कच्या जाडीतील फरक. मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका फरकही यासाठी पुरेसा असतो.
• केवळ वेग वाढवताना थरथर : ड्राइव्ह शाफ्टचा आतील सांधा. अरुंद वळणावर कटकट आवाज आल्यास बाहेरील सांधा.
• वेगाऐवजी इंजिनच्या फेऱ्यांनुसार बदलणारी थरथर : इंजिन किंवा त्याचे माउंटिंग.
• गाडी ओढते, पण थरथर नाही : वाकलेला सस्पेन्शनचा भाग, बिघडलेले अलाइनमेंट किंवा असमान हवा.

चाक आणि इंजिन यांतील फरक वारंवारतेवरूनही ओळखता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाकाचा कंप वर उल्लेखिलेल्या टायरसाठी १४ हर्ट्झच्या आसपास असतो. इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असल्यास त्याची मूळ वारंवारता सुमारे ४२ हर्ट्झ असते. पहिला कंप मोजता येईल असा हेलकावा वाटतो, तर दुसरा बारीक झिणझिणीसारखा वाटतो. उभ्या गाडीत इंजिन तितक्याच फेऱ्यांवर चालवून पाहिल्यास कंप येत नसेल, तर कारण फिरणाऱ्या चाकांकडे किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे असण्याची शक्यता वाढते.

तपासणीचा क्रम

निदानात सोप्या व धोका टाळणाऱ्या तपासण्या आधी आणि यंत्रांच्या तपासण्या नंतर करणे प्रचलित आहे.

१. धक्का बसल्यावर गाडी सुरक्षित जागी थांबवून चारही टायरांच्या दोन्ही भिंती, माथा आणि रिमची कड पाहिली जाते. आतली बाजू पाहण्यासाठी पुढील चाके पूर्ण वळवतात. फुगा, चीर, उघडे पडलेले धागे किंवा रिमला तडा आढळल्यास पुढील चाचणीसाठी गाडी चालवली जात नाही. स्टेपनी बसवली जाते.

२. थंड टायरमधील हवेचा दाब मोजून तो उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतका केला जातो. दुसऱ्या दिवशी दाब पुन्हा मोजल्यास मंद गळती कळते.

३. चाकाचे नट तपासले जातात. चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि थरथर त्यानंतर सुरू झाली असेल, तर सैल नट ही पहिली शंका असते. नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे, टॉर्क पान्याने आणि वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने घट्ट केले जातात.

४. रिमच्या आतील चिखल काढला जातो. पावसाळ्यात आत साचून वाळलेला चिखल संतुलनाच्या वजनाइतकाच परिणाम घडवतो. निसटलेल्या वजनाचा स्वच्छ चौकोनी डागही याच वेळी दिसतो.

५. गाडी जॅकवर उचलून व स्टँडवर टेकवून चाक वर-खाली धरून हलवले जाते. हालचाल जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, तर डावी-उजवीकडे धरून हलवताना जाणवल्यास टाय रॉड तपासला जातो. चाक हाताने फिरवून खरखर ऐकली जाते.

६. डायल गेजने आधी टायरवर आणि मग रिमवर रनआउट मोजला जातो. अनेक मोटारींसाठी मर्यादा एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा उत्पादक देतो. रिम सरळ आणि टायर वाकडा आढळल्यास दोष टायरमध्ये असतो. गेज नसल्यास माथ्याजवळ स्थिर खूण धरून चाक फिरवल्यासही मोठा दोष डोळ्यांना दिसतो.

७. यानंतरच चाक बॅलन्सिंग यंत्रावर चढवले जाते. नेहमीपेक्षा फार जास्त वजन लागत असल्यास ते लावून मोकळे होण्याऐवजी रिम आणि टायर पुन्हा तपासले जातात.

८. कारण तरीही न सापडल्यास संशयित चाक पुढून मागे बदलून पाहिले जाते. थरथर चाकाबरोबर मागे गेली तर दोष चाकात, जागच्या जागी राहिली तर हब, डिस्क किंवा सस्पेन्शनमध्ये असतो. पुढील व मागील टायरांची मापे वेगळी असलेल्या गाड्यांत ही चाचणी करता येत नाही.

नेहमीच्या बॅलन्सिंग यंत्रावर चाक हवेत फिरते; त्यावर गाडीचा भार नसतो. म्हणून ताठपणातील फरक या यंत्राला कळत नाही आणि आतून तुटलेला टायरही पडद्यावर शून्य दाखवू शकतो. फिरत्या टायरवर रोलर दाबून बदलते बल मोजणारी 'रोड फोर्स' यंत्रे ही उणीव भरून काढतात.

एक नमुना निदान

समजा, एका हॅचबॅक मोटारीचे पुढील डावे चाक पदपथाच्या कडेवर आदळले. शहरात काहीच जाणवले नाही. ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे मात्र स्टिअरिंग थरथरू लागले. बॅलन्सिंगमध्ये मोठे वजन लावल्यावर थरथर निम्मी झाली, परंतु दर आठवड्याला त्या टायरची हवा कमी होऊ लागली. ब्रेक लावल्याने थरथरीत फरक पडत नसल्याने डिस्क वगळली जाते. वेगाशी बांधलेली थरथर व स्टिअरिंगमधील जाणीव पुढील चाकाकडे, तर हवेची गळती रिमच्या कडेकडे निर्देश करते. चाक उतरवून पाहिल्यास रिमची आतली कड वाकलेली आणि त्याच जागी टायरच्या आतल्या भिंतीवर फुगा आढळतो. दोन्ही इजा एकाच चिमट्याच्या दोन बाजू असतात. येथे बॅलन्सिंगने लक्षण निम्मे झाकले होते. फुटण्याच्या बेतात असलेला टायर तसाच धावत होता.

दुरुस्ती

भिंतीवर फुगा आलेला किंवा भिंतीत चीर पडलेला टायर दुरुस्त करता येत नाही; तो बदलणे हाच उपाय आहे. पंक्चरचे ठिगळ हवा रोखते, तुटलेल्या धाग्यांची ताकद परत आणत नाही. एकच टायर बदलायचा असल्यास त्याच आसावरील दुसऱ्या टायरशी माप, प्रकार आणि झीज जुळणे इष्ट असते.

किंचित वाकलेली पोलादी रिम सरळ करता येते. अलॉय रिम सरळ करताना तडा जाण्याचा धोका असतो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा बदलणे अधिक सुरक्षित मानले जाते. सस्पेन्शन व स्टिअरिंगचे वाकलेले भाग ठोकून सरळ न करता बदलले जातात आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट केले जाते.

अनेक गाड्यांतील स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते व तिच्यावर कमाल वेग, बहुधा ताशी ८० किलोमीटर, छापलेला असतो. ती केवळ गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी असते.

प्रचलित गैरसमज

• 'अलाइनमेंट केले की थरथर जाते.' अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. त्यातील दोषाने गाडी ओढते व टायर असमान झिजतो. त्या झिजेमुळे पुढे आवाज व कंप येऊ शकतात, परंतु धक्क्यानंतर लगेच आलेली थरथर अलाइनमेंटने सहसा जात नाही.
• 'फुगा लहान आहे, चालेल.' फुग्याच्या आकारावरून आत किती धागे तुटले हे कळत नाही.
• 'खराब टायर मागे टाकावा.' मागे गेल्यावर स्टिअरिंग शांत होते, धोका तसाच राहतो. मागील टायर फुटल्यास गाडी भिरकावली जाण्याची शक्यता उलट अधिक असते.
• 'नट जितके घट्ट तितके चांगले.' असमान किंवा अतिघट्ट नटांमुळे ब्रेक डिस्क तिरपी बसू शकते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना नवी थरथर सुरू होते.

भारतातील तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरांच्या स्थितीविषयी आहे. त्यानुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. आतील धागे उघडे पडलेला किंवा स्थानिक फुगवट्यामुळे निकामी होण्याची चिन्हे दाखवणारा टायर वापरण्यास योग्य मानला जात नाही. म्हणजे फुगा आलेला टायर खाचा नव्या असल्या तरी नियमात बसत नाही.

भारतात प्रचलित असलेल्या प्रमाणित सर्वसमावेशक मोटार विम्यात केवळ टायरचे नुकसान भरून दिले जात नाही. त्याच अपघातात वाहनाचेही नुकसान झाले असल्यास टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत भरपाई मिळते. टायरसाठी स्वतंत्र जोड-संरक्षण उपलब्ध असते.

हे सुद्धा पहा

• टायर
• व्हील अलाइनमेंट
• निलंबन प्रणाली
• डिस्क ब्रेक
• अनुस्पंदन